तंबोऱ्यामागचे हात

संगीत महोत्सवाहून परतलेला रसिक घरी काय सांगतो? अमक्यांचा मारवा रंगला, तमक्यांचा आवाज आज लागला नाही, तबल्याची साथ उत्तम होती, आणि मांडी घालून बसल्याने गुडघे मात्र धरले. गवयाच्या मागे दोन तंबोरे संध्याकाळभर उभे होते, त्यांच्याविषयी तो सहसा काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात ते असतात, पण छायाचित्राखालच्या ओळीत नसतात.

जरा वेगळ्या नजरेने पाहिले तर हा एक नवलाचा प्रकार आहे. हाताने घडवलेली एक देखणी वस्तू हजारो माणसांसमोर मांडायची, तिच्यावर दिव्यांचा झोत टाकायचा, सगळी मैफल तिच्या आधारावर उभी करायची, आणि ती कोणी घडवली याचा उल्लेख कुठेच करायचा नाही! चित्रांचे प्रदर्शन असते तेव्हा चौकटीखाली चित्रकाराचे नाव असते. पैठणीच्या दुकानातही विणकराच्या गावाचे नाव अभिमानाने सांगतात. तंबोऱ्याचे प्रदर्शन मात्र निनावी. ते दर वर्षी भरते, शेकडो ठिकाणी भरते, आणि आपण ते पाहूनही न पाहिल्यासारखे करतो.

ही वस्तू जिथे घडते ते गाव आपल्या जवळचे आहे. मिरज. दवाखान्यांचे गाव, रेल्वेच्या जंक्शनचे गाव, आणि सतार-तंबोऱ्यांचे गाव. तिथली सतारमेकर गल्ली गवयांना जशी माहीत आहे तशी ती आपल्यालाही माहीत असायला हवी, कारण तिच्या इतिहासात आपल्या समाजाचा मोठा इतिहास दडलेला आहे.

या गल्लीतल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारा, पाते घासून लखलखीत करणारा. मूळ शब्द ‘सैकलगर’. अरबी-फारसीत ‘सैकल’ हा चकाकीशी, घासून उजळ करण्याशी नाते सांगणारा शब्द. आरशाला सैकल करतात, पोलादाला करतात, आणि सूफी मंडळी म्हणतात की मनालाही करावे लागते. मराठ्यांच्या फौजा होत्या तोवर या हातांना काम होते. १८१८ साली पेशवाई बुडाली. मिरजेचे पटवर्धन संस्थान राहिले, पण लढाया सरल्या. तलवारी भिंतीवर गेल्या, दसऱ्याला पूजेपुरत्या खाली येऊ लागल्या. पुढे १८७८च्या शस्त्रकायद्याने उरलीसुरली मागणीही आटली. ज्या हातांना पोलादाचा कस कळत होता, त्या हातांनी करायचे काय?

परंपरा असे सांगते की, दरबारात येणाऱ्या गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्तीसाठी या शिकलगारांकडे येऊ लागली. बारीक काम, तारेचे काम, कानसीचे काम यांनाच जमणारे. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावाने दुरुस्तीवर न थांबता नवे वाद्य घडवायला घेतले. फरीदसाहेबांना या परंपरेचे मूळपुरुष मानतात. त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनी तोच उद्योग धरला, आणि हळूहळू ‘शिकलगार’ हे आडनाव मागे पडून ‘सतारमेकर’ हे आडनाव रूढ झाले. अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी असे हे आडनाव आपल्या समाजजीवनातला एक दस्तऐवजच म्हणायला हवा. तलवारीवरून सतारीवर आलेल्या माणसांचे ते नाव आहे. जगात शस्त्रे वितळवून नांगर करण्याची स्वप्ने पुष्कळांनी पाहिली. मिरजेत ते घडले, आणि पोट भरण्याच्या साध्या गरजेतून घडले.

हे मिरजेतच का रुजले, याला कारण आहे. पटवर्धनांच्या आश्रयाने इथे गाणे होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले. त्यांच्याकडे शिकायला कुरुंदवाडचा एक मुलगा आला. दारूकामात त्याच्या डोळ्यांना इजा झालेली होती. तेच विष्णु दिगंबर पलुस्कर. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दरबारातले गाणे मध्यमवर्गाच्या ओसरीवर आणण्याचे श्रेय पलुस्करांना आपण देतो, ते योग्यच आहे. पण ओसरीवर गाणे यायचे तर ओसरीवर तंबोराही यावा लागतो. शाळा निघाल्या, शिकणारे वाढले, तशी वाद्यांची मागणी वाढली. दरबारात दोन तंबोरे पुरतात, समाजाला हजारो लागतात. ते घडवणारी मनगटे असल्याखेरीज संगीताचा प्रसार झाला नसता.

आता ही वस्तू घडते कशी ते पाहू. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे आपण भाजीला आणतो तो नव्हे. हा कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यात त्याचे पीक घेतात. ज्या वाटेने वारकरी विठ्ठलाकडे जातात त्याच भागातून मिरजेच्या मुसलमान कारागिराचा भोपळा येतो, आणि त्यातून निघालेला षड्ज पुन्हा अभंगाखाली उभा राहतो. कोणी मुद्दाम जुळवून आणलेला हा योग नाही, व्यवहाराने जुळलेला आहे. भोपळा महिनोन्‌महिने वाळवावा लागतो. अवकाळी पाऊस झाला, वेल बुडाला, की त्या वर्षी कारागिराच्या घरात काळजी. वाळलेला भोपळा भिजवून, कापून, आतला गर आणि बिया काढून तो हवा तसा ताणून आकाराला आणतात. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. हे लाकूड कर्नाटकच्या बाजूने येते. ते हलके हवे, मुरलेले हवे. ओले लाकूड वापरले तर पुढे ते वळते आणि वाद्य कायमचे बिघडते. खुंट्या कठीण लाकडाच्या. मग नक्षी, पाने-फुले, आणि शेवटी रंग व पॉलिश. एक चांगला तंबोरा हातावेगळा व्हायला तीन-चार आठवडे सहज जातात.

इथवरचे काम डोळ्यांनी शिकता येते. खरी परीक्षा पुढे आहे. तबलीवर घोडी बसवतात, तिच्यावरून चार तारा जातात. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. घोडीचा माथा सपाट दिसला तरी तो सपाट नसतो. तार त्याच्यावरून निघताना किंचित घासत, स्पर्श करत निघाली पाहिजे, इतका बारीक उतार त्याला कानसीने द्यावा लागतो. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. तो जिथे नेमका बसतो तिथे तार एकाएकी उमलते. एका स्वरातून अनेक स्वर झरू लागतात, गंधार न छेडता गंधार ऐकू येतो. याला म्हणतात जवारी. ती कानसीने काढतात, पण ठरवतो कान. पाव इंचाचा हजारावा भाग जास्त घासला गेला तर घोडी फुकट. याचे पुस्तक नाही. मुलगा बापाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे ऐकतो तेव्हा कुठे त्याच्या हातात ते उतरते. शिकलगाराच्या सैकलीचे हे पुढचे रूप. पूर्वी पाते चमकेपर्यंत घासायचे, आता स्वर चमकेपर्यंत.

ही कला लोकांसमोर कशी आली? जाहिरातीने नव्हे. ती आली उरुसातून, जत्रेतून, महोत्सवातून. मिरजेत हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. चामड्याला आकार देणारे हात तिथे सर्वांच्या पुढे असतात. कारागिराला मान देण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच असे म्हणता येत नाही. या रीतीचा नमुना समोर आहे.

याच दर्ग्याशी अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ते उत्तरेतल्या कैरान्याचे. मिरजेत आले असताना आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी श्रद्धेची कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी खाँसाहेब मिरजेचे झाले, हा इतिहास आहे. दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली ते गात. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका लहान रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या परिसरातच चिरविश्रांती दिली गेली. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. नामवंत गवई तिथे बिदागीचा विचार न करता हजेरी लावतात. गावातल्याच अंबाबाईच्या देवळातही नवरात्रात संगीत महोत्सव भरतो, तोही अनेक दशकांचा. दर्गा आणि देऊळ, दोन्हीकडचे तंबोरे एकाच गल्लीतले.

खाँसाहेबांविषयी आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. ते स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात आणि जवारी काढण्यात वाकबगार होते. तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय ते गात नसत. किराणा गायकीचा सगळा जीव स्वराच्या नेमकेपणात आहे. तो नेमकेपणा आणि मिरजेच्या घोडीवरचा तो बारीक उतार यांचे नाते जुळणे अगदी स्वाभाविक होते. गवई कारागिराकडून काय मागतो आणि कारागीर गवयाला काय देतो, यातून दोघांचेही कान घडत गेले. गायकीची घराणी आपण नावानिशी मोजतो. हाताचेही घराणे असते.

वाद्य हा चर्चेचा विषय होऊन व्यासपीठावर आला, असा एक मोठा प्रसंग १९१६चा. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी श्रुतींच्या मोजमापाचा ध्यास घेतला होता. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली होती. क्लेमेंट्सनी या परिषदेत श्रुतींची पेटी मांडली आणि तिच्यावर मोठा वाद झाला. गवयांना ती पटली नाही. वादाच्या तपशिलात आपण शिरायला नको. पण एक गोष्ट ध्यानात येते. स्वराचे माप पट्ट्यांमध्ये पकडण्यासाठी विद्वान झटत होते, तेव्हा मिरजेतला अल्पशिक्षित कारागीर ते माप एका धाग्याने आणि कानसीने रोज काढत होता. त्याला परिषदेत निबंध वाचायला कोणी बोलावले नाही. त्याचा तंबोरा मात्र गवयांच्या मागे तिथे असणारच. त्यावाचून गाणे कुठले?

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली. आश्रयदाता म्हणून राजाच्या जागी तिकीट काढणारा श्रोता आला. १९५२ साली सवाई गंधर्व गेले. ते अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात गाणे सुरू झाले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे ते वाढवत नेले. आज ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ म्हणून आपण ओळखतो तो हा. परंपरेचा धागा पाहा. दर्ग्यातल्या चिंचेखालून तो कुंदगोळला गेला, तिथून पुण्याच्या मंडपात आला. आणि या धाग्याबरोबर तंबोराही आला. भीमसेनजींच्या मागचे ते भले मोठे तंबोरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते चित्र आठवेल. गाणे सुरू होण्यापूर्वी पडद्यामागे त्यांची जुळवणी चालते. गवई दारात उभा असतो, वेळ संपत आलेली असते, थंडीने तारांचा स्वर हललेला असतो, आणि कोणी तरी धागा केसभर सरकवून कान लावून बसलेला असतो. मंडपातले हजारो लोक ज्याची वाट पाहत असतात ते गाणे त्या केसभर अंतरावर अडलेले असते.

महोत्सव मोठे होत गेले तशी त्यांच्या आवारात एक वेगळी दुनिया उभी राहिली. पुस्तकांचे गाळे, ध्वनिमुद्रिकांचे गाळे, गवयांच्या प्रकाशचित्रांची प्रदर्शने, आणि अर्थात खाण्याचे गाळे. महोत्सव म्हणजे मोठी जत्राच. जत्रेत कारागिराला जागा असतेच. पण हाताने केलेले काम विकायला ठेवणे निराळे आणि प्रदर्शनात मांडणे निराळे. विकायला ठेवले की लोक किंमत विचारतात. प्रदर्शनात मांडले की ‘हे कसे केले?’ असे विचारतात. आपल्या महोत्सवांतून तंबोऱ्याच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

तो आज का विचारायला हवा, त्याला कारणे आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. छोटीशी पेटी, बटण दाबले की चालू. पुढे तो मोबाइल फोनमध्येच येऊन बसला, तोही फुकट. एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याची, दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या शिक्षिकेची त्याने सोय केली, हे नाकारता येणार नाही. पाच फुटांचा तंबोरा लोकलमध्ये घेऊन चढून पाहा म्हणजे कळेल. पण यामुळे घरातला तंबोरा गेला आणि तो मंचापुरता उरला. दुसरीकडे कच्चा माल बदलला. पूर्वी घोडीला आणि नक्षीला सांबरशिंग व हस्तिदंत वापरत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद होत गेले, आणि ते योग्यच झाले. कारागिराला नव्या पदार्थांतून तोच स्वर काढायला नव्याने शिकावे लागले. तो शिकला. मग आली महामारी. २०२० आणि २०२१ साली सवाईचा मंडप उभा राहिला नाही, इतरत्रही मंच रिकामे राहिले. गाणाऱ्यांच्या हालअपेष्टांविषयी थोडेफार लिहून आले. तंबोरा करणाऱ्यांच्या चुलीविषयी फार कोणी विचारले नाही.

२०२४ साली एक चांगली गोष्ट घडली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. साडेचारशेहून अधिक कारागीर या कामात आहेत, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. मानांकनाने ‘मिरज’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. दुसरीकडे बनवलेले वाद्य मिरजेचे म्हणून खपवता येणार नाही. पण मानांकन गावाला मिळते, हाताला मिळत नाही. आणि तरुण मुलगा ज्या कारणाने गल्लीतले काम सोडून नोकरी शोधतो ते कारण केवळ पैशाचे नसते. माझ्या कामाला कोण ओळखतो, हा प्रश्नही त्यात असतो. जवारी शिकायला वर्षानुवर्षे लागतात. इतकी वर्षे देण्यासाठी माणसाला थोडा तरी मान समोर दिसावा लागतो.

म्हणून महोत्सव भरवणाऱ्यांना दोन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, आवारात एक गाळा अपुऱ्या वाद्यांसाठी ठेवावा. चकाकणारा तयार तंबोरा तर मंचावर आहेच. इथे ठेवावा तो वाळलेला भोपळा, कोरलेली पण न जोडलेली दांडी, बिनरंगाची तबली आणि एक घोडी. शेजारी एक कारागीर कानस घेऊन बसावा. लहान मुलांनी ती तार जवारीपूर्वी ऐकावी आणि जवारीनंतर ऐकावी. रागाचे नाव न कळणाऱ्यालाही तो फरक कळेल. व्याख्यानांनी होत नाही ते काम तो एक क्षण करील. दुसरी सूचना तर बिनखर्चाची आहे. निवेदक तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण ते सांगतो. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावे घेतली जातात, हेही अलीकडे रूढ झाले आणि ते चांगलेच झाले. त्याच दमात त्याने एवढेच म्हणावे, की हे तंबोरे मिरजेच्या अमक्यांनी घडवलेले आहेत.

आम्हा कवींना नावाचे महत्त्व चांगले कळते. जुन्या कवींनी शेवटच्या ओळीत आपले नाव गुंफण्याची सोय करून ठेवली. तुकोबांनी ती केली, शेख महंमदांनी केली, उर्दूतल्या शायरांनी मक्त्यात केली. गवयाने बंदिशीत केली. ज्याच्या आधारावर या साऱ्यांच्या ओळी गायल्या गेल्या त्या तंबोऱ्याच्या कर्त्याने मात्र स्वतःसाठी अशी ओळ कुठे ठेवली नाही. त्याला ती द्यायची असेल तर निवेदकाचे एक वाक्य पुरेसे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)